कडब्यातली, गोठ्यातली जुनी मोटारसायकल पुन्हा रस्त्यावर आणताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळीत पुण्या-मुंबईची पोरं गावी येतात, वाड्याची मागची खोली आवरायला निघते आणि भाऊबीजेपर्यंत माझ्या फोनवर फोटो येऊ लागतात. कडब्याच्या पेंढ्यांतून बाहेर आलेलं हँडल, मातकट झालेली टाकी, सीटवर निवांत बसलेली कोंबडी. खाली एकच ओळ: "भाऊ, चालू व्हई का?" जळगाव, धुळे, नंदुरबार, कुठूनही फोटो येवो, प्रश्न तेच. म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली. एका उत्तरात आलेलं दुसऱ्यात पुन्हा लिहिलेलं नाही, तिथे क्रमांक दिला आहे.

१. आमची गाडी पंधरा-वीस वर्षं बंद आहे. चालू होईल का?

बहुतेक होते. पण किती वर्षं बंद आहे यापेक्षा कुठे उभी होती ते आधी सांगा. अर्धा आजार तिथेच कळतो.

धाब्याच्या (मातीच्या सपाट छपराच्या) घरात, कोरड्या खोलीत उभी असेल तर तुमचं नशीब चांगलं. आपल्याकडची हवा कोकणासारखी दमट नाही, लोखंड टिकतं. मात्र मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, त्यात रबर मरतं: टायर, ऑइल सील, पेट्रोलची नळी. टाकीतलं पेट्रोल उडून जातं आणि मागे चिकट राळ राहते.

गोठ्यात उभी असेल तर गोमूत्रातून सुटणारा अमोनिया पितळ आणि तांब्याला खातो. कार्ब्युरेटरचे जेट, वायरींची टोकं, केबलचे निपल हिरवे पडलेले दिसतील. लोखंड ठीक आणि वायरिंग मेलेलं, अशी गाडी गोठ्यातलीच.

सगळ्यात वाईट म्हणजे खताच्या गोण्यांना टेकून उभी केलेली गाडी. पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड, मिठाचाच भाऊ. हवेतली ओल ओढून घेतो आणि क्रोम, अ‍ॅल्युमिनियम दोन्हींना खड्डे पाडतो. अशा गाडीची इंजिनची केस नखाने खरवडली तर पांढरी भुकटी निघते. केळीच्या पट्ट्यातून, रावेर-यावलकडून, अशा गाड्या जास्त येतात, कारण तिथे खताची खोली आणि गाडीची खोली एकच असते.

बाहेर लिंबाखाली उभी होती? मग सायलेन्सरमधून पाणी किती आत गेलं, हे उघडल्यावरच कळेल. पुराच्या पाण्यात बुडालेल्या गाडीचं वेगळं, प्रश्न १३ पाहा.

२. एकदा किक मारून पाहू का?

नाही. अगदी एकदाही नाही. वीस वर्षं उभ्या गाडीचं जेवढं बिघडत नाही तेवढं त्या पहिल्या दहा किकांत बिघडतं.

का, ते सांगतो. चोपडा तालुक्यातून यामाहाची एक आरएक्स १०० आली होती. मालकाने एअर फिल्टरचा डबा न उघडता आधी किक मारून पाहिली होती. डबा मी उघडला तर आत उंदराचं घर: कापूस, सुतळीचे तुकडे आणि मूठभर सरकी. सरकीची फोलपटं कार्ब्युरेटरमधून थेट क्रँकमध्ये ओढली गेली होती. दुसऱ्या टोकाला, सायलेन्सरच्या शेपटीत, कुंभारीण माशीने मातीचं घर बांधलं होतं, सिमेंटसारखं कडक. त्या गाडीला श्वास घ्यायला जागाच नव्हती.

तेव्हा क्रम असा ठेवा. आधी फिल्टरचा डबा उघडून साफ करा. सायलेन्सरमध्ये तार घालून पाहा. मग प्लगभोवतीची धूळ पुसून किंवा फुंकून काढा, नाहीतर तीच आत पडते, आणि प्लग काढा. प्लगच्या भोकातून दोन-तीन चमचे पातळ ऑइल सोडा आणि दोन दिवस गाडीला हात लावू नका. मग टॉप गिअरमध्ये टाकून मागचं चाक हाताने हळूहळू पुढे-मागे फिरवा. चाकाने फिरवलं की अडथळा हाताला कळतो, किक मारल्यावर तो पिस्टनलाच कळतो. फिरलं तर प्रश्न ४, नाही फिरलं तर प्रश्न ३.

३. इंजिन जाम आहे. उघडावंच लागेल का?

आधी भिजवा. डिझेल आणि ऑइल निम्मं-निम्मं करून प्लगच्या भोकातून भरा, आठ दिवस ठेवा, रोज चाकाने थोडा झोका द्या. टू-स्ट्रोक (आरएक्स, येझदी, राजदूतसारखी) असेल तर सायलेन्सर काढून तिथल्या भोकात, म्हणजे पोर्टमध्ये, टॉर्च मारा. पिस्टन आणि रिंगा डोळ्यांनी दिसतात, गंज किती आहे कळतं.

त्यानेही सुटलं नाही तर हेड उतरवा आणि पिस्टनवर सागाचा ठोकळा ठेवून हलकेच ठोका. लोखंडी हातोडी थेट लागली की पिस्टनला भोक पडलंच म्हणा.

सुटल्यावर लोक खूश होऊन गाडी जोडतात. तसं करू नका. बोअरमध्ये, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर, रिंग जिथे चिकटली होती तिथे गंजाची रेघ राहते. नखाला लागत असेल तर बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन टाकावा लागेल. ओव्हरसाइज साधारण ०.२५ मिलिमीटरच्या पायरीने मिळतात. आधी पिस्टन हातात घ्या, मगच लेथवाल्याकडे जा. पिस्टनच्या मापाने बोअर होते, उलट नाही.

४. इंजिन मोकळं फिरतंय. मग खोलायची गरज काय?

फोर-स्ट्रोक असेल, उदाहरणार्थ हिरो होंडा सीडी १००, तर ऑइल बदलून, व्हॉल्व्हचा गॅप पाहून पुढे जा.

टू-स्ट्रोकचं तसं नाही. आरएक्स, येझदी, राजदूत, कोणतीही असो, क्रँकच्या दोन्ही बाजूंना ऑइल सील असतात आणि आपल्या उन्हाळ्यात ते लाकडासारखे कडक होतात. गाडी चालू होते, मालक पेढे वाटतो आणि पारोळ्याच्या पुढे इंजिन पकडतं, म्हणजे जाम होतं. मॅग्नेटोकडचं सील गेलं की बाहेरची हवा आत जाते, पेट्रोल-ऑइलचं मिश्रण पातळ होतं, पिस्टन तापतो. खूण अशी: थ्रॉटल सोडला तरी इंजिन चढ्या आवाजात राहतं. क्लचकडचं सील गेलं की गिअरबॉक्सचं ऑइल जळतं, पांढरा धूर थांबत नाही आणि गिअर ऑइल कमी होत जातं. दहा वर्षांहून जास्त बंद असलेल्या टू-स्ट्रोकची सीलं मी न विचारता बदलतो. वस्तू स्वस्त, न बदलल्याची किंमत महाग.

जुन्या ओतीव (कास्ट आयर्न) इंजिनाच्या बुलेटची तऱ्हा वेगळी. तिच्यात ऑइलचा साठा क्रँककेसमध्येच वेगळ्या कप्प्यात असतो आणि उभ्या उभ्या ते ऑइल पंपातून झिरपून क्रँकच्या बाजूला उतरतं. आधी दोन्ही बाजूंचं ऑइल काढा, नवं भरा. चालू झाल्यावर रॉकरकडे जाणाऱ्या ऑइल पाइपचा बोल्ट किंचित सैल करून ऑइल वर येतंय का पाहा. येत नसेल तर लगेच बंद करा.

५. टाकीत गंज आहे. काय टाकून साफ करू?

किराणा दुकानातलं लिंबूसत्व, म्हणजे सायट्रिक अ‍ॅसिड. सुटा, खवल्यांचा गंज असेल तर आधी मूठभर नट टाकून टाकी गोधडीत गुंडाळा आणि हलवा. नट मोजून टाका, मोजून काढा. मग कॉकच्या भोकाला बूच लावा, लिंबूसत्व गरम पाण्यात विरघळवून टाकी काठोकाठ भरा आणि एक रात्र ठेवा. सकाळी पाणी काळं-हिरवं निघेल. लगेच खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने खळखळून धुवा, उन्हात पूर्ण वाळवा आणि वाळल्याबरोबर थोडं टू-टी (टू-स्ट्रोकचं) ऑइल आत फिरवा. वाळवणं आणि ऑइल यांच्यात चहाला गेलात तर परत येईपर्यंत पिवळा गंज धरलेला असतो.

फरशी धुवायचं अ‍ॅसिड वापरू नका. मी वापरलं होतं. येझदीची टाकी अर्ध्या तासात चकचकीत झाली, संध्याकाळी पेट्रोल भरलं आणि तळाला सुईच्या टोकाएवढ्या सात जागी थेंब. गंजाने जी भोकं बुजवून धरली होती ती अ‍ॅसिडने मोकळी केली. ती टाकी अजून माझ्या शेडमध्ये टांगलेली आहे.

६. टाकीला भोक आहे, वेल्डिंगवाला करून देतो म्हणतो. देऊ का?

नुसती रिकामी केलेली टाकी वेल्डिंगला कधीच देऊ नका. वर्षानुवर्षं कोरडी दिसणारी टाकीसुद्धा राळेतून वाफ सोडते आणि स्फोट होतो. टाकी अनेकदा धुऊन, पाण्याने भरून, फक्त डागायच्या जागेपुरती हवा ठेवून काम करणारे जुने कारागीर आहेत. तसा माणूस नसेल तर दुसरी टाकी शोधा.

७. प्लगला स्पार्क नाही. कॉइल गेली का?

सगळे कॉइलच बदलायला निघतात. पॉइंटवाली (स्पार्कची वीज जोडणारे-तोडणारे संपर्क असलेली) गाडी असेल तर आधी पॉइंट उघडा. वर राखाडी थर आलेला असतो. बारीक पॉलिश पेपर एकदा फिरवा, मग पेट्रोलमध्ये बुडवलेला कोरा कागद मधून ओढा. गॅप फिलर गेजने (जाडी मोजायच्या पातळ पट्टीने) लावा, जावा-येझदीला ०.४ मिलिमीटर. निम्म्या गाड्या इथेच स्पार्क देतात. मग कंडेन्सर, मग अर्थ, मग कॉइल.

उंदरांनी वायरिंग कुरतडलं असेल तर तुकडे जोडत बसू नका, पूर्ण हार्नेस बदला. आणि जुनी जावा किंवा राजदूत असेल तर सहा व्होल्टची आहे हे विसरून बारा व्होल्टची बॅटरी लावू नका. एका झटक्यात सगळे बल्ब जातील.

८. कार्ब्युरेटर साफ केला, तरी गाडी थोडी चालून बंद पडते.

स्लो जेट, म्हणजे मंद चालीला पेट्रोल देणारा बारीक भोकाचा जेट. डोळ्याला धरून पलीकडचा उजेड दिसला पाहिजे. वायरीतला तांब्याचा एक केस काढून आरपार घाला. सुई किंवा स्टीलची तार घातली की भोक मोठं होतं. जेट साफ असेल तर टाकीच्या झाकणातलं हवेचं भोक पाहा. धुळीने बुजलं असेल तर टाकीत पोकळी होते आणि पेट्रोल उतरत नाही. झाकण सैल करून गाडी चालवली आणि बंद पडली नाही, तर दोष तिथेच.

आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. जुनी नळी आणि रबरी वॉशर त्यात फुगतात, मऊ पडतात. शिवाय इथेनॉल पाणी ओढतं आणि ते तळाशी, नेमकं कॉकजवळ जमतं. नळ्या नव्या, इथेनॉल चालणाऱ्या घ्या. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कॉक बंद करून कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालू ठेवा.

९. पेट्रोलमध्ये ऑइल किती टाकायचं?

जुन्या जावा-येझदीला २५ ला १, म्हणजे लिटरमागे ४० मिली. नव्या पिस्टनवर पहिल्या एक-दोन टाक्या किंचित जास्त.

आरएक्स १०० ला ऑइलचा वेगळा पंप आहे, त्यामुळे लोक टाकीत नुसतं पेट्रोल भरतात. इथेच फसतात. वर्षानुवर्षं बंद पंपात हवा अडकलेली असते. पंपाची हवा काढा, आणि तो ऑइल ओढतो याची खात्री होईपर्यंत पहिल्या टाकीत लिटरला २० मिली ऑइल हातानेही मिसळा. धूर होईल, होऊ द्या.

१०. टायरला नक्षी शाबूत आहे, चालवू का?

नाही. कडेला चार आकडी शिक्का असतो: ०८१४ म्हणजे २०१४ चा आठवा आठवडा. तीनच आकडे असतील तर टायर २००० सालाआधीचा. दहा वर्षांवरचा टायर नक्षी असली तरी टाकून द्या, ट्यूबसकट. ब्रेकचे ड्रमही उघडा. लायनर (ब्रेकचा घासणारा थर) शूपासून सुटून हातात येतं, चालत्या गाडीत सुटलं तर चाक जाम होतं. आतली धूळ कॉम्प्रेसरने उडवू नका, जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचं. ओल्या फडक्याने पुसा. क्लच, ब्रेक, अ‍ॅक्सिलरेटर, केबल तिन्ही नव्या.

११. पूर्ण रंग नवा मारू की जुनाच ठेवू?

यावर भांडणं होतात, माझं मत सांगतो. कंपनीचा मूळ रंग साठ-सत्तर टक्के शिल्लक असेल तर हात लावू नका. टाकीवर आजोबांच्या धोतराने घासून पडलेली चकाकी कोणताच पेंटर मारून देऊ शकत नाही. साबणाचं पाणी, मग पॉलिश, बस.

क्रोमवरचा वरवरचा गंज चुरगळलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या कागदाने, पाणी लावून घासला की निघतो. थर सुटला असेल तर मात्र प्लेटिंग. चांगलं प्लेटिंग म्हणजे बफिंग, तांबं, निकेल आणि शेवटी क्रोम. एका प्लेटिंगवाल्याने तांबं-निकेलचा थर न देताच माझ्या रिमा दिल्या, पोळ्यापासून दिवाळीपर्यंत टिकल्या. द्यायच्या आधी विचारा आणि प्रत्येक वस्तूचा फोटो काढा, कारण तिथे दहा गाड्यांच्या रिमा एका ढिगात असतात.

१२. पार्ट मिळतील का?

बुलेटचे सगळे, आरएक्सचे बहुतेक, येझदीचे बरेच. राजदूतचे इंजिनचे मिळतात, पत्र्याचे शोधावे लागतात. आरएक्स १०० १९९६ मध्ये बंद झाली, जावा-येझदी बनवणारा म्हैसूरचा आयडियल जावाचा कारखानाही त्याच साली, तेव्हा "कंपनीचा सीलबंद" म्हणून मिळणाऱ्या प्रत्येक पाकिटाकडे संशयाने पाहा. मुंबईत कुर्ला, पुण्यात जुना बाजार, दिल्लीत करोल बाग. पण आधी आपल्या तालुक्यातल्या सर्वांत म्हाताऱ्या मिस्त्रीकडे जा. त्याच्या लोखंडी पेटीत जे असतं ते करोल बागेत नसतं. आणि नवा पार्ट बसून गाडी चालेपर्यंत जुना भंगारात देऊ नका.

१३. गाडी पुरात बुडाली होती. प्रश्न १ मधलंच लागू होतं का?

नाही. २०२१ च्या ऑगस्टअखेर चाळीसगावात तितूर-डोंगरीचं पाणी घुसलं, तेव्हाच्या गाड्या अजून येतात. थोडीच वर्षं झाली, पण वीस वर्षं कोरड्या उभ्या गाडीपेक्षा त्यांची दशा वाईट. पाणी निघून जातं, गाळ राहतो. क्रँकच्या बेअरिंगमध्ये, चाकांच्या बेअरिंगमध्ये, हँडलच्या कोनमध्ये. इथे प्रश्न ३ मधलं भिजवणं चालत नाही, इंजिन पूर्ण उघडूनच धुवावं लागतं.

१४. पंधरा वर्षांनंतर गाडी भंगारातच द्यावी लागते ना?

नाही. १०-१५ वर्षांनी गाडी बंद करण्याचा तो वाद दिल्ली आणि परिसराचा. आपल्याकडे पंधरा वर्षांनंतर आरटीओत गाडी दाखवून नोंदणीचं नूतनीकरण होतं, दर वेळी पाच वर्षांसाठी. अर्ज नमुना २५ मध्ये. सोबत पर्यावरण कर, विमा, पीयूसी. दुचाकीची फी १ एप्रिल २०२२ पासून ३०० ची १,००० रुपये झाली आणि वीस वर्षांवरच्या गाडीला २०२५ मध्ये २,०००. शिवाय उशिराबद्दल दरमहा ३०० रुपयांची तरतूद आहे, म्हणून इंजिनवर खर्च करण्याआधी खिडकीवर जाऊन एकूण आकडा काढून घ्या. कैक जण इथे उलटं करतात.

गाडी ऑनलाइन दिसत नसेल तर घाबरू नका. एमएच-१८, एमएच-१९ या मालिकांच्या आधीच्या नंबरांच्या नोंदी बऱ्याचदा संगणकात चढलेल्याच नसतात. मूळ आरसी दाखवून बॅकलॉग नोंद करून घ्यावी लागते. टू-स्ट्रोक पीयूसीत बसत नाही हाही गैरसमज. ३१ मार्च २००० पर्यंतच्या दुचाकींना कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ४.५ टक्के आहे, निरोगी इंजिन सहज बसतं.

१५. गाडी वारलेल्या आजोबांच्या नावावर आहे आणि आरसी सापडत नाही.

दोन वेगळी कामं. आरसी हरवल्याची पोलिसांत नोंद करून नमुना २६ वर दुय्यम प्रत. मग मृत्यूचा दाखला आणि वारसांची कागदपत्रं जोडून नमुना ३१ वर नावाची बदली. काका-आत्यांच्या सह्या लागू शकतात, तेव्हा गाडी चकाचक व्हायच्या आधी घ्या. गंजलेल्या गाडीवर कोणी हक्क सांगत नाही, चमकणाऱ्या गाडीला चार वारस निघतात.

१६. इंजिन नंबर आरसीशी जुळत नाही.

चेसिस नंबर जुळतो का, ते पाहा. जुळत असेल तर मधल्या काळात कोणीतरी इंजिन बदललंय. त्या इंजिनाची पावती किंवा स्रोत असेल तर आरटीओत नोंद करून घेता येते. चेसिस नंबरच खोडलेला किंवा पुन्हा ठोकलेला असेल तर फुकट मिळाली तरी घेऊ नका.

१७. विंटेज नोंदणी करता येईल का?

गाडी पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात हवी. जुलै २०२१ च्या नियमांप्रमाणे नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, नंबरात व्हीए ही अक्षरं. पण मग ती रोज बाजारात नेता येत नाही, प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं एवढ्यापुरतीच बाहेर काढायची. आरएक्सवाल्यांनी थांबावं: १९८५ ची पहिली गाडीसुद्धा २०३५ मध्ये पन्नाशी गाठेल.

१८. चालू झाली, पण मी आठ महिने पुण्यात असतो. परत कशी ठेवू?

टाकी काठोकाठ भरा किंवा पूर्ण कोरडी करून ऑइल फिरवा, अर्धी ठेवू नका. बॅटरी काढून घरात. प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल, सायलेन्सरच्या तोंडात फडक्याचा बोळा, आणि हँडलला चिठ्ठी बांधा की बोळा आहे. मेन स्टँडवर, दोन्ही चाकांखाली फळी, कारण सारवलेली जमीन ओल सोडते. वरून प्लास्टिकचा कागद नको, आत घाम धरतो. जुनी गोधडी चांगली. कडबा आणि सरकी त्या खोलीत नको, खत तर नकोच. आणि घरातल्या माणसाला सांगा, येता-जाता "चालू होते का पाहू" म्हणून किक मारायची नाही. महिन्यातून एकदा टॉप गिअरमध्ये मागचं चाक दोन फेरे फिरवलं तरी पुरे.